‘आयर्विनला किती?’ आणि ‘किती दिवस?’

जुलै सरत आला की सांगलीच्या गावभागात चहाआधी एक प्रश्न येतो, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन हा इथला कृष्णेवरचा पूल. त्यापाशी नदी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. पण नुसता आकडा ऐकून कोणी हलत नाही. पाणी चढतंय की थांबलंय, कोयनेतून किती सोडलंय, वर पाऊस कसा आहे, हे विचारून मग ठरतं: गहू आताच माळ्यावर टाकायचा, की अजून एक रात्र बघायची.

तिथून आठ-दहा किलोमीटरवर, मिरजेत, दुसरा प्रश्न विचारला जातो. डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. बेळगाव-विजापूरकडचे पेशंटही इथंच येतात. व्हरांड्यात, आजाऱ्याच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं, कोणीतरी डॉक्टरांना गाठतं: ‘किती दिवस?’ आत्याच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात ते काम माझ्याकडे आलं. ‘सहा महिने धरून चाला,’ डॉक्टर म्हणाले. पुराचा आकडा लहानपणापासून उलटसुलट तपासणारा मी, हा आकडा मात्र कोर्टाच्या निकालासारखा घेऊन बाहेर आलो.

असा आकडा बहुतेक वेळा मध्यक असतो. दहावीच्या गणितातला तोच, चढत्या क्रमानं मांडलेल्या रांगेतला मधला. सहा महिने म्हणजे त्या आजाराचे निम्मे रुग्ण सहा महिन्यांच्या आत गेले, निम्मे त्यानंतरही जगले. आता गंमत बघा (गंमत म्हणायची वेळ नव्हे, पण गणिताला ते कळत नाही). मधल्याच्या अलीकडे जागा फक्त सहा महिन्यांची, कारण शून्याच्या खाली कोणाला जाता येत नाही. पलीकडे मात्र रांग वर्षानुवर्षं लांबू शकते.

हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी स्वतःवर पडताळलं. १९८२ साली, चाळिशीत, त्यांच्या पोटाच्या अस्तरात दुर्मीळ कर्करोग सापडला. मध्यक आठ महिने. गूल्डनी प्रश्न बदलला: या रांगेत मी कुठं उभा असेन? वय कमी, आजार लवकर सापडलेला, उपचार चांगले, म्हणजे बहुधा लांबच्या बाजूला. ते आणखी २० वर्षं जगले आणि २००२ मध्ये गेले ते वेगळ्याच कर्करोगानं. प्रत्येक जण त्या टोकाला पोचतो असं मुळीच नाही. पण टोक आहे, आणि ते बघणं ही भाबडी समजूत नाही.

‘डॉक्टर उगाच घाबरवतात’ हे व्हरांड्यातलं लाडकं वाक्य. प्रत्यक्षात गोष्ट उलटी निघते. शिकागोतल्या एका अभ्यासात डॉक्टरांना अखेरच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांबद्दल अंदाज विचारले होते. २००० साली आलेल्या निष्कर्षांत बऱ्यापैकी अचूक निघाले फक्त २० टक्के. ६३ टक्के अंदाज प्रत्यक्षाहून जास्त दिवस देणारे होते. डॉक्टरांची रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितकी चूक व्हायची शक्यता जास्त. जीव त्यांचाही गुंततो.

भेटायला येणारे मात्र ‘मन घट्ट कर, निम्मा आजार पळतो’ असं सांगून जातात. मला याचा राग येतो. डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनानं उभारी असलेले जास्त जगले असं त्यात काही दिसलं नाही. आजार वाढला तर तो पेशंट ‘खचला’ म्हणून नव्हे.

तरी आशा शरीरापर्यंत पोचतच नाही असंही नाही. १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध नसलेलं औषध देऊनही काहींच्या वेदना कमी झाल्या. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारं हे औषध शरीरात गेल्यावर दुखणं पुन्हा वाढलं. याचा अर्थ, आराम पडेल या अपेक्षेनं मेंदूनं स्वतःचीच, अफूसारखी वेदनाशामकं सोडली होती. वेदना खरोखर उतरते. गाठ मात्र त्यानं विरघळत नाही.

आशा म्हणजे काय, यावर मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांची मांडणी मला गावभागातली वाटते. त्यांच्या मते आशेत एक ठिकाण लागतं, तिथवर जायच्या वाटा सुचाव्या लागतात आणि चालायची इच्छा लागते. एक वाट बुडाली तर दुसरी. तेही जमेना तर ठिकाणच बदलायचं.

आपल्याकडे इथंच घोडं अडतं. वेदनाशमनाच्या डॉक्टरांना बोलवा म्हटलं की घरातले म्हणतात, ‘म्हणजे हात टेकले का?’ बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासूनच ही उपशामक सेवा दिली. २०१० मध्ये निकाल आला. या गटात नैराश्य कमी, दिवस सुसह्य, शेवटी शेवटी आक्रमक उपचारही कमी. आणि जगण्याचा मध्यक ११.६ महिने, दुसऱ्या गटाचा ८.९.

आत्यापुढे हे सगळं कसं मांडावं याची मी चार दिवस जुळवाजुळव करत होतो. तिनंच एका संध्याकाळी विषय काढला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा माळाही पुरला नव्हता, ते तिनं आठवून सांगितलं. मग पासबुक कुठल्या डब्यात, विम्याचे कागद कुणाकडे, पाटल्या कुणाला, सगळं एका दमात.

‘लिहून घेतलंस?’

‘घेतलं.’

‘झालं तर माळ्यावरचं. आता त्या दुखण्याच्या डॉक्टरला उद्या बोलाव. रात्री झोप लागली पाहिजे मला. आणि येताना भाताची पेज आण. मीठ जरा जास्त घाल, परवाची आळणी होती.’