ठोका चुकवणारं इंजिन

फट्... भस्, भस्, भस्, भस्... फट्! टेबलावरचं ते वीतभर इंजिन पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आता हे बंद पडणार. पण बिघाड काहीच नसतो. वेग आवरायची त्याची तऱ्हाच अशी: गरज नसली की ठोका चुकवायचा.

या इंजिनांना हिट-अँड-मिस म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३०च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या शेतांवर पाणी उपसायला, लाकूड कापायला ती सर्रास असत. आता हौशी मंडळी घरच्या लेथवर त्यांच्या छोट्या प्रतिकृती घडवतात. मोटरसायकलसारखा थ्रॉटल, म्हणजे हवा-पेट्रोल कमी-जास्त सोडणारी झडप, इथे का नको? अंगठ्याएवढ्या सिलिंडरात हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण प्रत्येक वेगाला सांभाळणं म्हणजे डोकेदुखी. हिट-अँड-मिसमध्ये पेट्रोल किती द्यायचं हा सवालच नाही. द्यायचं की नाही, एवढंच ठरवायचं.

ठरवतो गव्हर्नर. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिन फिरतं ठेवणाऱ्या जड चाकावर, स्प्रिंगने बांधलेली दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि शाफ्टवरची एक बाही सरकवतात. तिच्यामुळे एक खिट्टी धूर सोडणाऱ्या झडपेच्या दांड्यासमोर येते आणि झडप उघडीच अडकवून ठेवते. खरी गंमत पुढे आहे. धूर सोडणाऱ्या झडपेचा दांडा कॅम, म्हणजे फिरता उंचवटा, रेटतो; आत घेणाऱ्या झडपेला ढकलायला कॅमच नाही. पिस्टन मागे सरताना जी ओढ तयार होते तिनेच ती उघडते. दुसरी झडप सताड उघडी असताना ओढ कुठली? पेट्रोल आत येतच नाही, इंजिन नुसतं भस्‌भस् करत फ्लायव्हीलच्या जोरावर फिरत राहतं. वेग उतरला की स्प्रिंग वजनं आत खेचते. कॅम दांड्याला पुन्हा किंचित रेटतो, खिट्टीवरचा भार हलका होतो, ती सुटते. फट्!

वजनांना बाहेर खेचणारं बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. मिनिटाला ६०० फेऱ्यांचे ६६० झाले, म्हणजे वेग १० टक्के वाढला, तर बल २१ टक्के वाढतं. म्हणून एवढासा गव्हर्नरही चोख चालतो.

करणाऱ्याची कसोटी मात्र दोन फुटकळ जागी लागते. आत घेणाऱ्या झडपेची स्प्रिंग (बॉलपेनातली अनेकदा चालून जाते) ताठ असेल तर इंजिन पेट्रोल ओढतच नाही. फार ढिली असेल तर नको तेव्हाही ओढतं. आणि खिट्टी पाणी दिलेल्या पोलादाचीच हवी. मऊ लोखंडाची धार गोल झाली की दांडा सटकतो आणि इंजिन उधळतं.

आपल्याकडे मळ्यात पंपाला जोडलेल्या डिझेल इंजिनालाही गव्हर्नर असतो, पण तो डिझेल कमी-जास्त करतो, ठोका चुकवत नाही. फरक ऐकायचा तर चालत्या प्रतिकृतीच्या फ्लायव्हीलवर चामड्याचा तुकडा हलकेच दाबा. फट्, भस्, भस्, फट्... अजून जरा दाबा: फट्, फट्, फट्.