फरशीवरचं ऊन आणि तळपायाची जाण

दिवाळी सरली की लातूरच्या आमच्या घरात आई दुपारी चारनंतर हॉलमधून सरळ चालायची नाही. भिंतीला हात लावत कडेकडेनं जायची. विचारलं तर म्हणायची, "पाणी सांडलंय बघ तिथं, पुसून घे." मी वाकून हात फिरवायचो, तर फरशी कोरडी ठणठणीत. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन त्या आरशासारख्या पांढऱ्या टाइल्सवर पडायचं. तिच्या जागी उभं राहून पाहिलं की मलाही तिथं डबकंच दिसायचं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला होता. धूसर झालेलं नेत्रभिंग झगझगीत उजेड डोळ्याच्या आत सगळीकडे विखरून टाकतं, त्यामुळे त्या चकाकीत तिला पुढचं पाऊल कुठं पडतंय तेच कळेना. ती फरशी मी निवडली होती, दुकानात, छतातल्या ढीगभर दिव्यांखाली उभं राहून.

फरशी घेताना आपण रंग बघतो, नक्षी बघतो, भाव करतो. दुकानदार 'फिनिश' म्हणतो, म्हणजे पृष्ठभाग चकचकीत की निस्तेज, गुळगुळीत की खरखरीत ते सांगतो, तेव्हा नुसती मान डोलावतो. घरात राहायला लागलं की मात्र डोळ्याला आणि पायाला रोज गाठ पडते ती या फिनिशशीच.

टाइलवर पडलेल्या उजेडाच्या दोन वाटा होतात. काही उजेड वरच्या काचेसारख्या झिलईवरूनच माघारी फिरतो. तो आत शिरतच नाही, म्हणून त्याला टाइलचा रंग लागत नाही. तो उन्हाच्या किंवा दिव्याच्याच रंगाचा राहतो. उरलेला आत जातो, रंगद्रव्याच्या कणांवर आदळतो आणि रंग घेऊन चहूकडे बाहेर पडतो. पहिल्या वाटेनं किती जाईल हे कोनावर ठरतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याची सूत्रं मांडली. त्या सूत्रांनी काचेचा हिशेब केला, तर ऊन सरळ वरून पडल्यास जेमतेम ४ टक्के उजेड पृष्ठभागावरून परततो. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आला की ९ टक्के, २० अंशांवर १७ टक्के आणि १० अंशांवर ३९ टक्के. मे महिन्याच्या मध्याला लातुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा तो खिडकीतून आत येतच नाही. हिवाळ्यातला सूर्य कललेला असतो, खोलीत लांबवर पोचतो, आणि नेमका त्याच कोनात फरशी आरसा होते. पाण्याचा पृष्ठभागही असाच गुळगुळीत असतो आणि असाच एका दिशेनं उजेड परतवतो. आयुष्यभर ओली जमीन पाहिलेल्या डोळ्याला तिथं पाणी दिसणारच.

मग मॅट, म्हणजे निस्तेज फिनिशच्या टाइलमध्ये काय वेगळं होतं? तीही तितकाच उजेड परतवते, पण एका दिशेनं नाही. पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे तो उजेड हजार दिशांना वाटून टाकतात आणि आपल्या डोळ्याच्या वाट्याला थोडासाच येतो. हे उंचवटे किती मोठे हवेत? लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखला जाणारा एक ढोबळ निकष आहे. उंचवटा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागापेक्षा कमी असला, तर समोरून येणाऱ्या उजेडाला तो पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो. हिरवट उजेडासाठी ही मर्यादा ०.०७ मायक्रॉन भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर त्याचा हजारावा भाग! ऊन तिरपं झालं की हीच मर्यादा वाढते. म्हणून समोरून अगदी निस्तेज दिसणारी मॅट टाइलसुद्धा डोळ्याच्या रेषेत आडवी धरून खिडकीकडे पाहिली, तर हलकी चमकते. करून बघा, एक मिनिट लागतं.

या प्रयोगाचा दुसरा भाग आपल्याकडे प्रत्येकानं पाहिलेला आहे. कर्नाटकातल्या शहाबादहून आलेली चुनखडीची फरशी मराठवाड्यातल्या कितीतरी घरांच्या ओसरीत आणि अंगणात अजून आहे. कोरडी असताना ती फिकट, राखाडी दिसते. बादलीभर पाणी ओतलं की एकदम गडद, निळसर होते. दगड तोच असतो. पाणी खळग्यांत भरतं, वरचा भाग सपाट होतो, पृष्ठभागावरून विखुरणारा पांढुरका उजेड कमी होतो आणि आतला रंग उघडा पडतो. मॅट टाइल चकचकीत टाइलपेक्षा फिकी दिसते ती याच कारणानं. दुकानात एकाच रंगाचे दोन फिनिश शेजारी ठेवून पाहिले की हा फरक लगेच लक्षात येतो.

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या. चिनीमाती, फेल्डस्पार हे खनिज आणि गारेची पूड प्रचंड दाबाखाली चेपतात, वर झिलईचा थर देतात, छपाई करतात आणि साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून रुळांवरून सरकवत नेतात. फिनिश ठरतो तो झिलईत आणि भट्टीत. झिलई पूर्ण वितळून काच झाली की चकचकीत टाइल मिळते. मॅट हवी असेल, तर झिलईत कॅल्शियम, जस्त अशा धातूंची संयुगं अशा बेतानं घालतात की त्या काचेत असंख्य सूक्ष्म स्फटिक वाढावेत. कढवलेलं तूप आठवा. गरम असताना आरपार दिसतं, हळूहळू थिजलं की रवाळ होतं आणि त्यातून पलीकडचं दिसत नाही. मॅट झिलई म्हणजे असं रवाळ झालेलं काचेचं तूप.

'शुगर' नावाचा फिनिश काचेचे बारीक दाणे पसरून भाजतात. बोटाला तो खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा लागतो आणि चालताना एकेक दाणा चमकून विझतो. 'लपाटो'त खडबडीत टाइलचे फक्त माथे घासून चकचकीत करतात, खळगे मॅटच राहतात.

मला सगळ्यांत आवडलेली युक्ती 'कार्विंग'ची. नाव कोरीवकामाचं असलं तरी इथं कोणी छिन्नी चालवत नाही. झिलई पाण्यात कालवलेली असते. छपाईयंत्र दगडाच्या शिरा किंवा लाकडाच्या रेषा जिथं छापतं, तिथंच पाण्याला दूर लोटणारी तेलकट शाईही सोडतं. तव्यावर एखाद्या ठिकाणी तेल जास्त झालं की धिरड्याचं पीठ तिथं ठरत नाही, बाजूला सरकतं. तसंच त्या रेषांवरून झिलई बाजूला होते आणि भाजल्यावर तिथं खरीखुरी खाच उरते. म्हणजे डोळ्याला दिसणारी शीर आणि बोटाला लागणारी शीर एकाच जागी! जुन्या छापील टाइलवर लाकूड दिसायचं, पण हात सपाट काचेवर फिरायचा. डोळा आणि हात यांची साक्ष जुळली नाही की वस्तू नकली वाटते. कार्विंगनं ती साक्ष जुळवली.

उजेडाशी खेळणाऱ्या फरशा-भिंती आपल्या मुलखाला नव्या नाहीत. दौलताबादच्या किल्ल्यातल्या चिनी महालाला ते नाव निळ्या झिलईच्या फरशांमुळे पडलं. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं याच महालात कैदेत ठेवलं होतं. उदगीरच्या पलीकडे, बिदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. सोळाव्या शतकात बिदरचा सुलतान अली बरीदशाह यानं तिथल्या काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवून घेतले. तुम्ही एक पाऊल सरकलात की त्यांचा रंग गुलाबी, हिरवा, रुपेरी असा बदलत जातो. शिंपल्याच्या आतल्या बाजूला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या पातळ चकत्यांची चळत असते. ही जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पंगतीतली. एकेका थरावरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात, काही रंग उठून दिसतात, काही मावळतात, आणि बघण्याचा कोन बदलला की हिशेब बदलतो. आजच्या मोतिया चमकीच्या टाइल्समध्ये हेच तत्त्व वापरतात. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवला की तशीच झळक येते. रंगीन महाल पाहिल्यापासून मला असे चमकदार तुकडे काळसर, मॅट पार्श्वभूमीवर थोडेसेच आवडतात. अख्खी भिंत झळकवली की डोळ्याला विसावा कुठंच मिळत नाही.

आता बोटांकडे. एखाद्या पृष्ठभागावर बोट नुसतं टेकवून ठेवा. बारीक पोत कळणार नाही. जरा फिरवा, लगेच कळेल. जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कात्झ यांनी १९२५ मध्ये स्पर्शावरच्या आपल्या अभ्यासात हा मुद्दा ठळक केला. जाड खडबडीतपणा त्वचेला जागच्या जागी कळतो, पण बारीक पोत हालचालीतून उठणाऱ्या कंपनांतून कळतो. ही कंपनं टिपणाऱ्या, त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांशी असलेल्या आणि पॅसिनी यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पुटिका सेकंदाला दोन-तीनशे कंपनांच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की बोट फिरवून माणूस फक्त १३ नॅनोमीटर, म्हणजे ०.०१३ मायक्रॉन उंचीच्या सुरकुत्यांचा पृष्ठभागही सपाट पृष्ठभागापासून वेगळा ओळखू शकतो. दुकानात म्हातारी माणसं फरशीवरून तळहात फिरवतात ना, ते अगदी बरोबर करतात.

तळपायालाही ही जाण आहे, आणि त्याला गारवाही कळतो. हिवाळ्यात पहाटे पाट आणि फरशी दोन्ही एकाच तापमानाला असतात, तरी फरशी चटका लावते. ३२ अंशांचा तळवा २७ अंशांच्या टाइलवर टेकला की स्पर्शाच्या जागी तापमान क्षणात २९ अंशांपर्यंत उतरतं. लाकडाच्या पाटावर ते ३० च्या वरच राहतं. लाकूड उष्णता हळू ओढतं, टाइल झपाट्यानं ओढते. खरखरीत टाइल थोडी कमी गार लागते, कारण पाय माथ्यांवरच टेकतो आणि खळग्यांत हवा राहते. मे महिन्यात दुपारी सतरंजी बाजूला सारून उघड्या फरशीवर आडवं होणाऱ्या आमच्यासारख्यांना म्हणूनच बेडरूममध्ये गुळगुळीत टाइल सुखाची वाटते.

न्हाणीघरात मात्र गुळगुळीत फरशी नकोच. कोरडी चकचकीत टाइल फारशी घसरडी नसते, ही गोष्ट लोकांना फसवते. पाणी पडलं की पाय आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा अडकतो आणि तळवा त्या पडद्यावर तरंगतो. हा पडदा फोडून वर येणारे माथे हवेत. त्यासाठी सुमारे २० मायक्रॉन किंवा त्याहून जास्त खडबडीतपणा लागतो. म्हणजे नुसतं मॅट असणं पुरेसं नाही. उजेड विखरायला एका मायक्रॉनपेक्षाही लहान उंचवटे पुरतात, पाय धरायला त्याच्या कितीतरी पट लागतात. जर्मनीत यासाठी उतरणीची परीक्षा घेतात. साबणाच्या पाण्यानं ओल्या केलेल्या फळीवर माणूस अनवाणी चालतो आणि फळी हळूहळू तिरपी करत नेतात. १२ अंशांपर्यंत पाय टिकला तर अ, १८ पर्यंत ब, २४ पर्यंत क, अशा अर्थाची श्रेणी मिळते. खोक्यावर 'आर ९' ते 'आर १३' असे आकडे दिसतात ते बूट घालून, तेलकट उतरणीवर घेतलेल्या दुसऱ्या परीक्षेचे असतात. अनवाणी न्हाणीघरासाठी पहिली परीक्षा जास्त जवळची. ती श्रेणी दुकानदाराला आग्रहानं विचारा.

खरखरीत फरशीची किंमत झाडूला मोजावी लागते. बोअरच्या जड पाण्यातला चुना खळग्यांत बसतो आणि गडद मॅट टाइलवर पांढरे डाग उठतात. ते लिंबाच्या सत्वाच्या पाण्यानं निघतात. बाजारातलं तीव्र ॲसिड ओतलं की आधी सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं. देवघरासाठी आणखी एक सांगतो. झिलई नसलेली, घासून चकचकीत केलेली व्हिट्रिफाइड टाइल दिसायला बंद असली, तरी घासताना तिच्या पोटातले सूक्ष्म बुडबुडे उघडे पडतात. त्यांत हळद-कुंकू शिरलं की निघता निघत नाही. तिथं झिलईची टाइल बरी.

उन्हानं स्वतः साफ होणाऱ्या टाइल्सही मिळतात. त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांच्या जोरावर तो मळाचं विघटन करतो. हे किरण पडले की या द्रव्यावर रासायनिक क्रिया घडते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. तसे किरण घरात फार थोडे पोचतात, त्यामुळे हॉलसाठी त्यावर जास्त पैसे घालू नयेत असं माझं मत. अंधारात उजळणाऱ्या पट्ट्या मात्र जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला जरूर लावाव्यात. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट हे द्रव्य उजेड साठवून घेतं आणि वीज गेल्यावर तासन्‌तास मंद हिरवं उजळत राहतं. भारनियमनात जिना उतरलेल्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

या वर्षी हॉलची फरशी बदलायचं ठरलं तेव्हा दुकानातून तीन नमुने घरी आणले. चकचकीत, रवाळ मॅट आणि या दोन्हींच्या मधला, मंद चमकीचा सॅटिन. रात्री दिवे मालवून प्रत्येकावर मोबाइलची बॅटरी आडवी टेकवली. लांब टाइल भट्टीत किंचित वाकते, ती खोट आडव्या उजेडात सावलीसारखी दिसते. म्हणूनच मिस्त्री लांब टाइल्स बसवताना सांधे निम्म्यावर न ठेवता तिसऱ्या भागावर सरकवतो. मग तिन्ही नमुने पश्चिमेच्या खिडकीसमोर मांडून ठेवले आणि दुपारी चारला आईला बोलावलं. तिनं चप्पल काढली. चकचकीत टाइलला तिनं पाय लावलाच नाही. सॅटिनवर उभी राहिली, तळवा पुढेमागे घासला. मी तांब्याभर पाणी ओतलं, तिनं परत घासला. मग रवाळ नमुन्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"ही शाबादीसारखी लागती पायाला," ती म्हणाली. "न्हाणीत ही घाल. इथं ती मधली."

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला मापं घ्यायला बोलावलं.