सूक्ष्म जलविद्युत

ओढ्याच्या किंवा लहान नदीच्या पडत्या पाण्यावर एखाद्या घरापुरती, वाडीपुरती वा गावापुरती वीज तयार करण्याची पद्धत. भारतात १०० किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पांना सूक्ष्म म्हणतात. साधारण ५ किलोवॉटच्या आतल्या घरगुती संचाला ‘पिको’ हे नाव रूढ आहे. यासाठी मोठा जलाशय लागत नाही. छोट्या बंधाऱ्यापाशी थोडे पाणी वळवून पाइपाने खाली आणतात, टर्बाइनवर, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्राच्या पात्यांच्या चाकावर, सोडतात आणि ते परत त्याच ओढ्याला मिळते.

वीज किती मिळेल हे पाणी किती आणि पडते किती उंचावरून, यावर ठरते. मोजायला बादली आणि घड्याळ पुरते: २० लिटरची बादली दोन सेकंदांत भरली, तर प्रवाह सेकंदाला १० लिटर. ते पाणी १० मीटर खाली आले की सुमारे १ किलोवॉट शक्ती मिळते. लहान यंत्रात त्यातली निम्मी वाया गेली तरी ५०० वॉट उरतात. आकडा किरकोळ वाटतो, पण ही वीज रात्रंदिवस चालते. २४ तासांत १२ युनिटे होतात. न वापरलेली वीज पाण्यात बुडवलेल्या हीटरकडे वळवतात, नाहीतर भार कमी होताच यंत्र बेफाम फिरू लागते.

देखभालीचे खरे काम पाइपाच्या तोंडाशी असते. पावसात पालापाचोळा वाहून येतो, जाळी तुंबते, घरातले दिवे मंदावतात आणि कोणाला तरी भिजत वर जाऊन हाताने पाला ओढून काढावा लागतो. कर्नाटकातल्या मलनाड या डोंगराळ भागात सुपारीच्या बागांमध्ये असे संच आहेत. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत अडचण उन्हाळ्याची. बहुतेक ओढे तोवर आटतात.

महाराष्ट्रातले सर्वांत मोलाचे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावचे. धडगाव तालुक्यातल्या या आदिवासी गावात नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये १५ किलोवॉटचा प्रकल्प उभा राहिला. तंत्र केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे, साथ नर्मदा बचाव आंदोलनाची आणि बंधाऱ्याचे श्रम गावकऱ्यांचे. ज्या खोऱ्यात विजेसाठी गावे बुडत होती, तिथेच कोणालाही न उठवता पाड्यापाड्यांत दिवे लागले, हे त्याचे मोठेपण. २००६ च्या पावसाळ्यात नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याने तो प्रकल्प बुडवला.