आगोगे आणि फिल्त्रोन: प्राचीन ग्रीकांचे प्रेमाचे दोन वेगळे प्रयोग

ग्रीक काव्यातली प्रेमजादू आपण सरसकट वशीकरणात जमा करतो. तिथे मात्र दोन निराळे प्रयोग आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की कवितेतलं दुःखच हातातून निसटतं.

आगोगे म्हणजे ओढून आणणं. माणूस समोर नाही, त्याला काही पाजता येत नाही. म्हणून त्याच्या जागी दुसरं काही जाळायचं. ग्रीक कवी थिओक्रिटसच्या (इ.स.पू. तिसरं शतक) दुसऱ्या काव्यात सिमैथाचा प्रियकर डेल्फिस बारा दिवस फिरकलेला नाही. सिमैथा भांड्याला लाल लोकर गुंडाळते. दासी थेस्टिलिसने सातूचं पीठ विस्तवात टाकायचं आणि म्हणायचं, ‘मी डेल्फिसची हाडं टाकते.’ मग लॉरेलची पानं तडतडतात, मेण वितळतं, कांस्याचं चक्र फिरतं. त्याच्या वस्त्राची सुटलेली दशीसुद्धा ती आगीत टाकते. हेतू एकच: आपली आग त्याला लागावी आणि त्याने धावत यावं. नंतरच्या काळातल्या, इजिप्तमध्ये सापडलेल्या एका ग्रीक मंत्रपोथीत तर मातीच्या बाहुलीत तांब्याच्या १३ सुया खुपसायला सांगितल्या आहेत: मेंदूत १, कानांत २, डोळ्यांत २, तोंडात १, पोटाशी २, हातांत १, गुप्तांगात २, तळपायांत २.

फिल्त्रोन, म्हणजे प्रेमाचं औषध, उलट घरातल्या माणसासाठी. तो आहे, पण मन उडालंय. इथे औषध थेट अंगाला किंवा पोटात जातं. सोफोक्लीजच्या नाटकात वीर हेराक्लीज बंदिवान इओलेला घरी पाठवतो, तेव्हा त्याची बायको डेआनैरा नेसस या नराश्वाचं रक्त प्रेमाचा उपाय समजून लोकरीच्या पुंजक्याने त्याच्यासाठीच्या वस्त्राला लावते. ऊन लागताच तो पुंजका भुगा होऊन विरतो, तेव्हा तिला कळतं. पण वस्त्र रवाना झालेलं असतं. त्या रक्तात हायड्रा या अनेक तोंडांच्या सर्पाचं विष होतं.

हे नाटकापुरतं नव्हतं. अथेन्सच्या अँटिफॉनने खटल्यासाठी लिहिलेल्या एका भाषणात फिलोनिअसची रखेल फिल्त्रोन समजून वाइनमध्ये औषध घालते, आणि त्याचं प्रेम वाढावं म्हणून त्याच्या पेल्यात जास्त. तो जागीच मरतो, सोबतचा मित्र वीस दिवसांनी.

आगोगे फसला तर कोणी येत नाही, एवढंच. फिल्त्रोन फसला की माणूस जातो. सिमैथाचा शेवट म्हणूनच बारकाईने वाचावा. ती प्रयोग करते ओढून आणण्याचा, नाव घेते फिल्त्रांचं, आणि पुढे बजावते की इतकं करूनही त्याने छळलं, तर पेटीत एका असीरियन परक्याकडून शिकलेली घातक औषधं आहेत; तो हेडीजचं, म्हणजे मृत्युलोकाचं, दार ठोठावेल.