जत्रेचा नारळ आणि मुंबईची वर्गणी: कोकणातल्या गावकलेला कोणी सांभाळलं?

परळचं दामोदर नाट्यगृह 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा सहकारी मनोरंजन मंडळ आणि नाट्यसृष्टीतली बरीच मंडळी आंदोलनात उतरली. कामगार रंगभूमीचा वारसा जातोय, हा त्यांचा मुद्दा रास्तच होता. पण या नाट्यगृहाशी आणखी एका प्रदेशाचा जीव गुंतलेला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या नमन (शिमग्यातले खेळे) आणि शक्ती-तुरा (दोन शाहिरांचा सवाल-जवाबाचा सामना) करणाऱ्या मंडळांना मुंबईत परवडेल अशा भाड्यात, गाववाल्यांना सहज येता येईल अशा ठिकाणी मिळणारं ते हक्काचं रंगमंच होतं. कोकणातल्या वाडीतली कला परळच्या एका थिएटरवर इतकी कशी अवलंबून राहिली, हे समजून घ्यायचं तर सुरुवात देवळाच्या अंगणापासून करावी लागते.

दक्षिण कोकणात गावाचा कारभार पूर्वी गावरहाटीनं चालायचा. गावकर, मानकरी, गुरव, घाडी, प्रत्येकाचं काम ठरलेलं. कोणत्या उत्सवात कोणी काय आणायचं, पालखीला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, हे सगळं वहिवाटीनं चालायचं. कलेची सोयही याच रहाटीत बसवलेली होती. सिंधुदुर्गातल्या दशावताराची घडण पाहिली की ते नीट कळतं. कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. कोणत्या देवळाच्या जत्रेत कोणत्या मंडळानं खेळ करायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर ही मंडळांची नावंच गावांवरून आणि घराण्यांवरून आलेली आहेत. मंडळ जत्रेला येणार हे गृहीत असतं, आणि मंडळाच्या जेवणाखाण्याची, बिदागीची सोय गाव करणार हेही गृहीत असतं.

जत्रेच्या रात्री देवळामागच्या पडवीत डोकावलं तर ही व्यवस्था डोळ्यांनी दिसते. एका बाजूला पेटारा उघडलेला, त्यातल्या गणपतीची पूजा झालेली. नट जमिनीवर मांडी घालून, हातातल्या लहानशा आरशात बघत स्वतःच स्वतःचं तोंड रंगवतोय. मालक आज कोणतं आख्यान लावायचं ते सांगतो आणि भूमिका वाटून देतो. लिखित संहिता नाही, तालीम नाही. राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्ट कोण एवढं ठरलं की संवाद रंगमंचावर उभे राहूनच रचायचे. बाहेर पेटी, पखवाज आणि झांज सुरू झालेली असते. रंगमंच म्हणजे मोकळी जागा आणि एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत. पूर्वरंगात संकासुर येतो, विष्णूकडून मारला जातो, मग मुख्य आख्यान पहाटेपर्यंत रंगतं आणि शेवटी दहीहंडी फुटते. म्हणूनच जुनी माणसं याला ‘दहिकालो’ म्हणतात. तिकीट कुठेच नाही. प्रेक्षक पैसे देऊन आलेला नसतो, देवाच्या कामाला आलेला असतो, आणि तो खर्च आधीच सगळ्या गावानं उचललेला असतो.

रत्नागिरीत हीच भूमिका शिमग्यातल्या खेळ्यांकडे आली. नमनाचे खेळे गावोगाव फिरायचे. मृदुंगाच्या साथीनं नमन, गण, गवळण आणि पुढे वग. काळ्या कपड्यातला, उंच टोपीचा संकासुर पाहून लहान मुलं आजही आईच्या मागे लपतात. गौरी-गणपतीत जाखडी: मधोमध शाहीर आणि ढोलकी, भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारी पोरं. हा सगळा संसार बहुतांश कुणबी शेतकऱ्यांनी, म्हणजे वर्षभर दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्या माणसांनी, उभा केला. खोतांची जमीन कसून उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पैशात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण गावरहाटीची आठवण काढताना ती हमखास वगळली जाते. ही व्यवस्था सगळ्यांना सारखा मान देत नव्हती. देवळात नाचगाणं आणि सेवा करणाऱ्या भाविणी आणि देवळी समाजावर ही सेवा जन्मानं लादलेली होती. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध 1934 मध्ये कायदा झाला तो याच अन्यायामुळे. ढोल वाजवायचा ज्यांनी, त्यांना देवळाच्या पायरीवर जागा नव्हती. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहानंतर, आणि 1956 च्या धर्मांतरानंतर तर फारच मोठ्या प्रमाणावर, कोकणातल्या महार वस्त्यांनी वतनातली, म्हणजे पिढीजात नेमून दिलेली, गावकामं आणि वाजंत्री सोडली. 1958 मध्ये कायद्यानंच कनिष्ठ गाववतनं रद्द झाली. त्याच वस्त्यांतून पुढे आंबेडकरी जलसे, भीमगीतं, जयंतीची नाटकं उभी राहिली आणि त्यांचा खर्च वस्तीनं स्वतःच्या वर्गणीतून केला. गावकलेच्या आधाराचा इतिहास लिहिताना या वर्गणीला जत्रेच्या नारळाइतकीच जागा मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

खोती, म्हणजे गावच्या जमिनीवरचा खोतांचा वंशपरंपरागत हक्क, 1949 च्या कायद्यानं संपली, पण त्याच्या कितीतरी आधी कोकणातली तरुण पोरं मुंबईला निघाली होती. गिरण्यांच्या भरतीत रत्नागिरी जिल्हा (तेव्हाचा, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून) आघाडीवर होता. गिरणगावात गावागावाच्या खोल्या होत्या. एका खोलीत एकाच गावची, बऱ्याचदा एकाच वाडीची माणसं पाळीपाळीनं झोपायची, खाणावळीत जेवायची, आणि महिन्याच्या पगारातून गावच्या मंडळाचे पैसे वेगळे काढायची. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ हे नाव पुढे कोकणातल्या प्रत्येक गावाच्या पाटीवर आणि पावतीपुस्तकावर दिसू लागलं ते इथूनच. मंडळाच्या सभेत देवळाचं छप्पर, शाळेची खोली, विहीर आणि जाखडीचे चाळ हे सगळे विषय एकाच वहीत असायचे. मनीऑर्डरीवर कोकण जगलं असं म्हणतात. कोकणातली कलाही त्याच पैशावर जगली.

मुंबईनं नुसते पैसे पुरवले नाहीत, कलेचं रूपही बदललं. वाडीतली जाखडी गिरणगावात आली आणि कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन पंथांच्या जुन्या झगड्यानं तिथे शक्ती-तुऱ्याच्या सामन्याचं रूप घेतलं. दोन शाहीर समोरासमोर, शास्त्रपुराणांतले सवाल आणि जवाब, आणि समोर दोन्ही बाजूंचे गाववाले. भजनाच्या डबलबारीचंही, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचंही, असंच झालं. नारायण मल्हार जोशींनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगनं 1922 मध्ये परळला दामोदर नाट्यगृह उभं केलं आणि कामगारांना स्वतःचं रंगमंच मिळालं. गावच्या मंडळानं तिथे प्रयोग लावायचा, तिकिटं गाववाल्यांतच खपवायची, आणि उरलेल्या रकमेतून गावातलं काम करायचं, अशी पद्धत पडली. देवळाच्या जीर्णोद्धाराला, शाळेच्या इमारतीला नमनाचा प्रयोग पैसे मिळवून द्यायचा. म्हणजे एकेकाळी गाव कलेला पोसत होतं, आता कला गावाला पोसू लागली. कोकणच्या सांस्कृतिक इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ कोणती असं विचारलं, तर मी हीच सांगेन.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गिरण्या बंद पडल्या, खोल्या रिकाम्या झाल्या, माणसं विरार, कल्याण, दिव्याकडे सरकली किंवा गावी परतली. वर्गणी थांबली नाही, पण पातळ झाली. एका खोलीत राहणारी वीस माणसं महिन्याला भेटत होती, तीच वीस घरं वीस उपनगरांत विखुरल्यावर फक्त गणपतीत भेटू लागली. कलेला सभा लागते, तालीम लागते, रोजचा शेजार लागतो. तोच तुटला.

याच काळात काही ठिकाणी वेगळ्या हातांनी काम सुरू केलं. सावंतवाडीचा गंजिफा हा त्याचा उत्तम नमुना. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी 12 पानं, एकूण 120 पानं. छापील पत्त्यांनी हा खेळ मोडीत काढला आणि हातानं पानं रंगवणारे मोजकेच वृद्ध चितारी उरले. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी सत्तरच्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवलं, स्वतः कला शिकून घेतली आणि नव्या पोरांना शिकवायला लावलं. आज सावंतवाडीच्या गंजिफ्याला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. राजाश्रय म्हणून हे उदाहरण नेहमी दिलं जातं. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते शिकवण्याचं काम. नुसती खरेदी केली असती तर पानं संग्रहालयात उरली असती आणि हात संपले असते.

कुडाळजवळच्या पिंगुळीत तर राजवाडाही नव्हता. तिथल्या ठाकर आदिवासी समाजानं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ शतकानुशतकं जपले. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरायचं, कथा गायची, मग पुढचं. सिनेमा आणि टीव्हीनं प्रेक्षक नेला, जुन्या पोथ्या संग्राहकांकडे गेल्या. गंगावणे कुटुंबानं घराच्या अंगणात आणि गोठ्यातच कलाआंगण उभं केलं, जुनी चित्रं मांडली, येणाऱ्याजाणाऱ्याला खेळ करून दाखवला. परशुराम विश्राम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती अशा कामाबद्दल, ज्यात अनुदानाची वाट बघत बसायला कोणाला वेळ नव्हता.

वाचनालयांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. या संस्था पुस्तकांपुरत्या कधीच नव्हत्या. व्याख्यानमाला, नाटकाच्या तालमी, गाण्याच्या मैफली यांना शहरात जागा द्यायची म्हटलं की हीच दारं उघडायची. चिपळूणचं वाचनालय 26 जुलै 2005 च्या महापुरात बुडालं, हजारो पुस्तकांचा लगदा झाला. गावानं ते पुन्हा उभं केलं, आणि 2013 च्या जानेवारीत याच संस्थेनं 86 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवलं. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आलं. पुन्हा चिखल, पुन्हा पुस्तकं उन्हात, पुन्हा देणगीचं आवाहन. मधु मंगेश कर्णिकांनी 1991 मध्ये कोकण मराठी साहित्य परिषद सुरू केली आणि तालुक्यातालुक्यांत शाखा काढल्या, तेव्हा त्यांना कार्यकर्ते मिळाले ते बहुतेक याच वाचनालयांच्या सभासदांतून, शाळामास्तरांतून आणि पेन्शनरांतून. कोकणात संस्था चालते ती अशाच माणसांवर.

सरकारची मदत होती आणि आहे. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून आहे, वृद्ध कलावंतांचं मानधनही त्याच दशकातलं. या मानधनाचं आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं नामकरण झालंय आणि 2024 पासून श्रेणीचा भेद न करता महिना 5000 रुपये मिळतात. अडचण अर्जापाशी येते. कलाक्षेत्रात घालवलेल्या वर्षांचा पुरावा जोडावा लागतो. शहरातल्या नटाकडे कात्रणं, प्रमाणपत्रं असतात. तीस वर्षं खेळ्यांत मृदुंग वाजवलेल्या माणसाकडे काय असणार? त्याच्यासाठी मंडळाचा जुना हिशेब, उत्सवाची छापील पत्रिका, ग्रामपंचायतीचा दाखला शोधून देणारा कोणी गावात असला तरच अर्ज पुढे जातो. ज्या गावांत वाचनालय किंवा शाळेच्या निमित्तानं असा एखादा माणूस आहे, तिथले कलावंत या यादीत लवकर पोचतात.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली ती ऐन हंगामात. दशावतारी मंडळांचे उरलेले खेळ एका रात्रीत रद्द झाले आणि पुढच्या हंगामावरही सावट राहिलं. रोजंदारीवर खेळ करणाऱ्या नटाला ना भविष्यनिर्वाह निधी, ना विमा. त्या काळात मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांनी आणि रसिकांनी शिधा आणि पैसे पाठवले, काही मंडळांनी मोबाइलवरून खेळ दाखवले. मदत झाली, पण दशावतारी कलाकार हा कामगार आहे ही गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आली.

आता सगळ्यात तातडीचा प्रश्न वेळेचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. आजारी माणसाची, अभ्यास करणाऱ्या मुलाची झोप महत्त्वाची आहे आणि शहरात हा नियम नसता तर जगणं कठीण झालं असतं. पण सवलतीचे हे दिवस जिल्ह्यासाठी एकगठ्ठा ठरतात. त्यात गणपती, नवरात्र, दिवाळी, 31 डिसेंबर येऊन जातात. जत्रा मात्र प्रत्येक गावाची वेगळ्या तिथीला असते. एखाद्या गावात वर्षातून एकच रात्र दशावतार होतो, आणि नेमकी तीच रात्र जिल्ह्याच्या यादीत नसते. मग मंडळ ध्वनिवर्धक बंद करून पखवाजावर खेळ पुरा करतं, किंवा आख्यान दहाच्या आत कोंबतं आणि पहाटेच्या दहिकाल्याचा अर्थच हरवतो.

यावर मार्ग निघू शकतो. दिवसांची संख्या तीच ठेवून सूट जिल्ह्याऐवजी गावनिहाय मोजावी, आवाजाची मर्यादा ठरवून द्यावी, आणि कोणती रात्र हे ग्रामसभेनं ठराव करून हंगामाच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं. मध्यरात्रीच्या पुढची सूट नियमातच नाही, त्यामुळे पहाटेपर्यंतच्या खेळासाठी नियमात दुरुस्ती मागावी लागेल आणि ती दिल्लीपर्यंत न्यावी लागेल. तोवर कार्तिकाआधीच्या ग्रामसभेत जत्रेची तारीख, मंडळाचं नाव आणि आवाजाची हमी असलेला ठराव घेणं एवढं तरी प्रत्येक गावाच्या हातात आहे.