दर अडीचशे फुटांवर एक थांबा

1985 साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, लारेडो इथे टपालाच्या नव्या गाडीची परीक्षा चालू होती. तीन स्पर्धकांचे नमुने मैदानात होते आणि प्रत्येकाला 24,000 मैल पळायचं होतं. त्यातले काही मैल डांबरी रस्त्यावर, बरेचसे खडीच्या रस्त्यावर, काही दगडी फरसबंदीवर आणि काही मुद्दाम खणलेल्या खड्ड्यांतून. मला त्यातला एक टप्पा फार बोलका वाटतो. 2,880 मैलांचा हा टप्पा असा होता : गाडी सुरू करा, ताशी 15 मैलांचा वेग घ्या, 250 फुटांवर थांबा, पुन्हा सुरू करा. हिशेब केला तर हे 60,000 हून जास्त थांबे होतात.

ही परीक्षा ग्रमन कंपनीची गाडी जिंकली. चांद्रमोहिमांसाठी माणसाला चंद्रावर उतरवणारं यान बांधणारी हीच ग्रमन. ॲल्युमिनियमची पातळ, हलकी आणि तरीही दणकट पेटी कशी बांधायची, हे या लोकांच्या हातात बसलेलं होतं. गाडीचं नाव ठेवलं ‘लाँग लाइफ व्हेइकल’, म्हणजे दीर्घायुषी गाडी. पोस्टातले लोक तिला नुसतं एलएलव्ही म्हणतात. 1987 ते 1994 या काळात अशा 1,40,000 हून अधिक गाड्या तयार झाल्या. आयुष्य ठरवलं होतं 24 वर्षांचं, पुढे ते 30 वर्षांपर्यंत ताणलं. ती मुदतही उलटली, तरी हजारो एलएलव्ही रोज सकाळी टपाल घेऊन बाहेर पडत राहिल्या. त्यांच्या जागी कोणती गाडी आणायची, यावर अमेरिकेत बरीच वर्षं वाद चालला. कंत्राटं, खटले, राजकारण सगळं झालं. पण माझ्या मते या प्रश्नाचं निम्मं उत्तर लारेडोच्या त्या थांब्यांमध्येच दडलेलं होतं.

एकच थांबा जरा जवळून पाहू. गाडी, चालवणारा माणूस आणि टपाल मिळून दोन टन वजन धरा. ताशी 15 मैल म्हणजे सेकंदाला साधारण 6.7 मीटर. वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणलं की गतिज ऊर्जा मिळते : सुमारे 45 किलोज्यूल. आता 250 फूट, म्हणजे 76 मीटर अंतर कापताना टायर रस्त्यावर घरंगळण्यात किती ऊर्जा जाते? साधारण 18 किलोज्यूल. आणि हवा कापण्यात? 4 किलोज्यूलच्या आसपास. महामार्गावरच्या गाडीची खरी शत्रू हवा असते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. टपालाच्या गाडीला हवेचा विरोध जवळजवळ जाणवतच नाही. तिची दोन तृतीयांश ऊर्जा फक्त वेग घेण्यात खर्च होते, आणि पुढच्या घराच्या टपालपेटीशी ब्रेक दाबला की त्या सगळ्या वेगाची उष्णता होऊन ती ब्रेकमधून हवेत निघून जाते.

45 किलोज्यूल म्हणजे अर्धा लिटर पाणी एकवीस-बावीस अंशांनी तापवण्याइतकी उष्णता. एका थांब्याला ही काही फार नाही. पण दिवसाला 500 थांबे घेतले तर तेवढ्यात साधारण 65 लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. गाडी रोज एवढी उष्णता ब्रेकमधून फेकून देते आणि ती पुन्हा पेट्रोलमधूनच भरून काढावी लागते.

शिवाय पेट्रोल इंजिनाला हे काम मुळात मानवत नाही. इंजिन खूश असतं ते मध्यम वेगात, बऱ्यापैकी भार असताना. कमी भारावर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप अर्धवट मिटलेली असते आणि त्या फटीतून हवा ओढून घेण्यातच इंजिनाचा बराच जोर वाया जातो. पत्र पेटीत टाकेपर्यंत इंजिन जागच्या जागी चालू राहतं. तेव्हा पेट्रोल जळतं आणि अंतर शून्य. म्हणूनच एका लिटरला साडेतीन किलोमीटर, हा एलएलव्हीचा प्रत्यक्ष हिशेब. एका हलक्या, चार सिलिंडरच्या गाडीसाठी हा आकडा दयनीय आहे, पण दोष गाडीचा नाही, तिला दिलेल्या कामाचा आहे.

विजेच्या मोटरचं गणित याच्या नेमकं उलट. तिचा सगळ्यात जास्त पीळ (टॉर्क), म्हणजे चाक फिरवणारा जोर, शून्य वेगालाच मिळतो, म्हणजे निघताना, जिथे तो हवा असतो. थांबलेली मोटर काहीच खात नाही. आणि थांबताना तीच मोटर जनित्र होते : चाकं तिला फिरवतात, ती वीज बनवून बॅटरीत परत भरते आणि त्या ओढीने गाडीचा वेग उतरतो. सगळी ऊर्जा परत येत नाही. मोटर, तारा, बॅटरी प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती असते, आणि अगदी चालण्याच्या वेगाला आल्यावर शेवटचा थांबा साध्या ब्रेकलाच द्यावा लागतो. पण 45 मधली निम्मी जरी हाती लागली, तरी ती दिवसातून 500 वेळा हाती लागते. लांब पल्ल्याच्या गाडीला या सोयीचा फारसा उपयोग नसतो, टपालाच्या गाडीला मात्र ती पावलोपावली उपयोगी पडते.

हे कुणाला उशिरा सुचलं असंही नाही. 1899 च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात टपाल खात्याने मोटारगाडीची पहिली चाचणी घेतली, ती गाडी विजेवरच चालणारी होती. 40 पेट्यांमधली पत्रं तिने दीड तासात गोळा केली. घोडागाडीला दुपटीहून जास्त वेळ लागत असे. 1970 च्या दशकात, तेलाचे भाव भडकल्यावर, टपालसेवेने जवळपास 350 विजेच्या जीप घेतल्या. पण तेव्हाच्या बॅटऱ्या शिशाच्या. वजन प्रचंड आणि साठवण तुटपुंजी, त्यामुळे तो प्रयोग तिथेच विरला. कल्पना बरोबर होती, बॅटरी तयार नव्हती.

आता म्हातारपणाकडे वळू. एलएलव्हीची पेटी इतकी वर्षं टिकली कशी? ॲल्युमिनियमला हवा लागली की क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. हा थर काही नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा, पण धातूला घट्ट चिकटलेला असतो आणि खालच्या धातूपर्यंत ऑक्सिजनला पोचू देत नाही. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, पापुद्रे धरतो आणि गळून पडतो, मग आतलं लोखंड उघडं पडून पुन्हा गंजतं. एलएलव्हीची पेटी ॲल्युमिनियमची, पण खालचा सांगाडा पोलादी, शेवरोलेच्या एका लहान ट्रकवर बेतलेला. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक, त्यामुळे गंजाची क्रिया जोरात चालते. वरून गाडी ठाकठीक दिसते आणि खाली सांगाडा पोखरलेला असतो.

त्याहून अवघड गोष्ट रबर आणि प्लॅस्टिकची. इंधनाच्या नळ्या, तारांवरची आवरणं, सील हे सगळं मऊ राहतं ते त्यातल्या लांब, लवचीक रेणूंमुळे आणि मुद्दाम मिसळलेल्या मऊ करणाऱ्या द्रव्यांमुळे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ही द्रव्यं उडून जातात, रेणू एकमेकांना जास्तीच्या बंधांनी जखडले जातात, रबर कडक होतं आणि त्याला भेगा पडतात. इंजिनाच्या खोलीत तापणं-निवणं रोजचंच. एका बाजूला ठिबकणारं पेट्रोल, दुसऱ्या बाजूला आवरण तडकलेली तार. गेल्या दशकभरात अशा शेकडो गाड्यांनी पेट घेतला, काही तर वाटेत, टपाल भरलेलं असताना. प्रत्येक आगीचं कारण नेमकं सापडलं असं नाही, पण तिशी ओलांडलेल्या तारा आणि नळ्या हे पहिलं संशयाचं ठिकाण.

आणि आत बसलेला माणूस? एलएलव्हीत एसी नाही, एअरबॅग नाही. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून हिचं स्टिअरिंगही मुद्दाम उजवीकडे असतं, म्हणजे खिडकीतून हात काढला की रस्त्याकडेची टपालपेटी हाताशी येते. समोर मोठी सपाट काच, वर धातूचं छप्पर, डॅशबोर्डवर एक छोटा पंखा. उन्हाचे आखूड लहरींचे किरण काचेतून आत येतात, आतल्या पृष्ठभागांवरून निघणारे उष्णतेचे लांब लहरींचे किरण काच बाहेर जाऊ देत नाही. पंख्याचं गणित तर क्रूर आहे. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा शरीराची उष्णता घेऊन जातो. हवा त्याहून तापलेली असेल तर तोच वारा शरीरात उष्णता भरतो, आणि मग सगळी भिस्त घाम वाळण्यावर राहते. आतलं तापमान 45 अंशांच्या पुढे गेलं की सहा-सात तास ती भिस्त पुरत नाही. अमेरिकेत टपालवाटप करताना उन्हाने माणसं दगावली आहेत. गाडी बदलण्याच्या वादात मायलेजचे आकडे खूप चघळले गेले. माझ्या लेखी एसी हा त्या वादातला पहिला मुद्दा असायला हवा होता.

फेब्रुवारी 2021 मध्ये नव्या गाडीचं कंत्राट ओशकोश डिफेन्स या कंपनीला मिळालं. दहा वर्षांत 50,000 ते 1,65,000 गाड्या. चित्रं प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या रूपावर लोक हसले : बुटकं नाक, उंच कपाळ, भलीमोठी काच, दिसायला बदकासारखी. त्या रूपाला अर्थ आहे. ही गाडी दिवसभर वस्तीतून, मुलं खेळतात त्या गल्ल्यांतून सरकणार. नाक जितकं ठेंगणं, तितकं समोरचं मूल लवकर दिसतं. आणि मागची उंची कशासाठी? अमेरिकेत फर्स्ट क्लास टपालाचा, म्हणजे मुख्यतः पत्रांचा, कळस 2001 साली, सुमारे 10,370 कोटी नगांचा. 2023 पर्यंत तो आकडा 4,600 कोटींवर आला, आणि त्याच काळात खोकी वाढली. एलएलव्ही पत्रांसाठी घडवलेली, तिच्यात वाकूनच शिरावं लागतं. नव्या गाडीत माणूस ताठ उभा राहून पार्सलं काढू शकतो.

पण पहिल्या बेतात विजेच्या गाड्या किती होत्या? जेमतेम 10 टक्के. बाकीच्या पेट्रोलच्या. टपालसेवेच्याच पर्यावरण अहवालातला आकडा सांगत होता की एसी चालू असताना पेट्रोलची नवी गाडी एका गॅलनला 8.6 मैल जाईल, म्हणजे लिटरला 3.7 किलोमीटर. तीस वर्षांनी जुनी गाडी काढून नवी आणायची, आणि फरक लिटरमागे दोनशे मीटरचाही नाही. तिचं भरलेलं कमाल वजनही 8,501 पौंड ठरवलेलं होतं, हलक्या वाहनांच्या कडक नियमांची मर्यादा 8,500 असताना! एका पौंडाने ती जड वाहनांच्या वर्गात गेली.

टपालसेवेची बाजूही समजून घ्यायला हवी. ती मुख्यतः स्वतःच्या कमाईवर चालते आणि विजेची गाडी विकत घेताना महाग पडते. तरीही ज्या गाडीच्या दिवसभराच्या कामाचं नाव थांबणं आहे, तिच्यात पुन्हा पेट्रोल इंजिन बसवणं मला चुकीचंच वाटतं. पर्यावरण संरक्षण संस्थेनेही जोरदार हरकत घेतली. ऑगस्ट 2022 मध्ये संसदेने एका मोठ्या कायद्यातून सुमारे 300 कोटी डॉलर या कामाला दिले, आणि त्याच डिसेंबरात बेत पालटला : 2028 पर्यंत 1,06,000 नव्या गाड्या, त्यांतल्या 66,000 विजेच्या.

इथे एसीच्या त्या आकड्याकडे पुन्हा पाहण्यासारखं आहे. एसी नसता तर तीच पेट्रोल गाडी गॅलनला 14.7 मैल गेली असती. एवढा फरक का? समजा गाडी दिवसात 30 किलोमीटर फिरते आणि त्याला सहा तास लागतात. एसी 2 किलोवॉट घेत असेल, तर सहा तासांत 12 किलोवॉट-तास झाले. विजेच्या गाडीला 30 किलोमीटर थांबत-थांबत चालायलाही साधारण तेवढेच लागतील. म्हणजे अंतराइतकाच खर्च गारव्याचा, त्यात दार दर मिनिटाला उघडायचं. हिवाळ्यात उलटं संकट येतं. पेट्रोल इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकटात आत सोडता येते, विजेच्या गाडीला ती बॅटरीतून काढावी लागते. सगळी हवा तापवण्यापेक्षा बसणाऱ्याचं आसन तापवणं तिथे कितीतरी स्वस्त पडतं.

दोन्ही मिळून दिवसाला 24-25 किलोवॉट-तास. पल्ल्याची धास्ती बाळगावी असा हा आकडा नाही. खरा प्रश्न संध्याकाळी उभा राहतो. एका केंद्रावर 100 गाड्या परतल्या आणि सगळ्या एकदम 7 किलोवॉटने चार्जिंगला लावल्या, तर 700 किलोवॉटचा भार एकाच वेळी अंगावर येतो, तोही घराघरांत दिवे-चुली चालू असताना. त्याच गाड्यांचं चार्जिंग रात्रीच्या बारा तासांत पसरलं, तर सरासरी 200 किलोवॉट पुरतात. ट्रान्सफॉर्मर लहान लागतो, केबल बारीक लागते, बॅटरीही कमी तापते. टपालाची गाडी रोज एकाच जागी मुक्कामाला येते आणि तिची निघण्याची वेळ ठरलेली असते, म्हणून हे सहज जमण्यासारखं आहे. अटलांटा शहराच्या दक्षिण भागातल्या केंद्रावर जानेवारी 2024 मध्ये असे पहिले चार्जर दाखवण्यात आले.

गाड्या मात्र हळूहळू आल्या. 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत ओशकोशच्या कारखान्यातून 93 बाहेर पडल्या होत्या. पहिल्या काही जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरात पोचल्या, जिथे उन्हाळे दमट आणि कडक असतात. तिथे ज्यांना त्या मिळाल्या, त्यांना पहिल्यांदाच गाडीत शिरल्यावर गार वाटलं. शेजारच्या फेरीवरचा सहकारी त्याच दिवशी, त्याच उन्हात, डॅशबोर्डवरचा छोटा पंखा लावून एलएलव्ही घेऊन निघत होता.