इंग्रजी आगगाडी बनते कुठे?

हॉर्नबी म्हटलं की जुन्या मुंबईकराला फोर्टातला रस्ता आठवतो. तो अठराव्या शतकातल्या गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या नावाचा. आज दादाभाई नौरोजी रोड. इंग्लंडात मात्र हॉर्नबी म्हणजे खेळण्यातली आगगाडी, आणि ती इंग्लंडातच बनायला हवी की नाही यावरून तिथले शौकीन गेली पंचवीसएक वर्षं हमरीतुमरीवर येतात.

वाद दिसतो त्याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धाआधी इंग्रज घरांतल्या चांगल्या गाड्या बऱ्याचदा जर्मन असत. नॉर्दॅम्प्टनची ‘बॅसेट-लोक’ ही कंपनी ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या रंगांतली खेळण्यातली इंजिनं विकत असे, पण त्यांतली कितीतरी घडत न्यूरेंबर्गला, बिंग कंपनीच्या कारखान्यात. युद्धानंतर जर्मन माल नकोसा झाला. धातूच्या पट्ट्या नि स्क्रू जोडून खेळायचं मेकॅनो काढून आधीच नाव कमावलेल्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने ती जागा हेरली आणि १९२० मध्ये चावीची गाडी बाजारात आणली. पुढे १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी ट्राय-अँग नावाने खेळणी विकणाऱ्या लाइन्स ब्रदर्सनी घेतली आणि हॉर्नबी हे नाव केंटमधल्या मार्गेटच्या कारखान्याला चिकटलं. आज पन्नाशी-साठीत असलेले शौकीन ‘आपली गाडी’ म्हणतात ती ही मार्गेटची.

तिच्याबद्दल हळवं व्हायला हरकत नाही, पण एकदा ती हातात घेऊन बघावी. बॉयलरच्या कडेचा दांडा हा बऱ्याचदा दांडा नसतोच, प्लास्टिकच्या अंगातून उठवलेली एक रेघ असते. मोठ्या इंजिनांची मोटर कित्येकदा मागच्या टेंडरात (कोळसा-पाण्याच्या डब्यात), म्हणजे ओढणारं इंजिन प्रत्यक्षात ढकललं जायचं! १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादन टप्प्याटप्प्याने चीनला गेलं आणि २००० साली आलेल्या ‘मर्चंट नेव्ही’ इंजिनाने रंग पालटला. मोटर इंजिनात, दांडे वेगळे बसवलेले, बारीकसारीक नळ्या. असे सुटे भाग माणसालाच चिमट्याने बसवावे लागतात, आणि तेवढी माणसं मार्गेटच्या पगारात परवडणारी नव्हती. तेव्हा ‘चिनी म्हणजे कमअस्सल’ हा सूर निदान इथे तरी बेसूर आहे.

खरी गोम साच्यांची. गाडीचं प्लास्टिकचं अंग ज्यातून निघतं तो पोलादी साचा ज्याच्या ताब्यात, गाडी त्याची. पॅलिटॉय या ब्रिटिश कंपनीची ‘मेनलाइन’ ही गाड्यांची मालिका हाँगकाँगच्या कादर कंपनीकडे बनत असे. १९८० च्या दशकात पॅलिटॉयने गाशा गुंडाळला, साचे कादरकडेच राहिले, आणि त्यांच्याच जोरावर कादरने बाकमन या नावाने हॉर्नबीसमोर दुकान थाटलं. इकडे हॉर्नबीचं काम करणारा मोठा चिनी पुरवठादार होता सांडा कान. २००९ मध्ये तो विकत घेतला कादरनेच. म्हणजे हॉर्नबीचं इंजिन स्पर्धकाच्या घरात शिजू लागलं. पुढची काही वर्षं माल वेळेवर येईना, जाहीर झालेली इंजिनं लांबत गेली, हॉर्नबीला दुसरे कारखाने धुंडाळावे लागले. (हॉर्नबीच्याच मालकीच्या एअरफिक्सचे जोडायच्या विमानांचे कितीतरी संच तर भारतात बनू लागले.)

‘घरीच बनवा’ म्हणणारे डेव्हनमधल्या बीअर गावच्या पेको कंपनीकडे बोट दाखवतात. पेकोचे खेळण्यातल्या गाड्यांचे रूळ तिथेच बनतात, हे खरं. पण साधा रूळ यंत्रातून निघतो, त्याला चिमटा धरणारे हात फारसे लागत नाहीत. इंजिनाला लागतात.